पॅडवरचा ठेका

“बाबा, ढोपरान दाबून धर. वरची कड परत सुटता.”

बाबाने उजवं ढोपर पॅडवर रोवलं आणि हसला. “रे, असा वाटता की ढोल वाजवक बसलंय!”

व्हॅन जुनी होती. माझ्याआधी तिचे तीन मालक होऊन गेले होते आणि तिघांनीही तिला सासुरवाशिणीसारखं राबवलं होतं. दाराच्या आतल्या अंगाला रेक्झिन मढवलेला हार्डबोर्ड असतो, त्याला आम्ही पॅड म्हणतो. मूळची पॅडं प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसवलेली. क्लिपा वाळून मोडतात, बोर्ड पावसाळ्यात फुगतो, त्याची भोकं मोठी होतात, आणि मग गाडीने जरा वेग घेतला की सगळी दारं टाळ्या पिटायला लागतात. कुडाळात माझं सीटकव्हरांचं दुकान. लोकांच्या गाड्या नटवून द्यायचो आणि माझी स्वतःची अशी खुळखुळ्यासारखी वाजायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आत्माराम बुवांना ते खपत नसे. ते आमच्या भजनी मंडळाचे बुवा, मी कोरसात टाळ धरायचो, बाबा पखवाज वाजवायचा, आणि मंडळ बारीला, म्हणजे भजनाच्या कार्यक्रमाला, जायचं ते माझ्या व्हॅनमधून. मागच्या खेपेला बुवा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “दिगू, मी हयसर चाल बसवतंय आणि तुझी गाडी झांज वाजयता. वाजयना का, पण तालात तरी वाजव म्हणा तिका!” सगळे खो खो हसले. बाबाही हसला. ते मला लागलं. म्हणून गोव्याच्या बारीला निघायच्या आदल्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गाडीच्या पाठी लागलो होतो.

क्लिपांचा नाद सोडून दिला. प्रत्येक भोकात वाटीच्या आकाराचं वायसर आणि त्यात आखूड स्क्रू. स्क्रू लांब झाला तर आत कुलपाच्या सळईला भिडतो आणि दार अडकतं. वायसर विसरलं तर दोन-चार हादऱ्यांत स्क्रूचं डोकं फुगलेल्या बोर्डातून आरपार जातं. मग स्क्रू राहतो पत्र्यात आणि पॅड येतं मांडीवर. हे सगळं मी बाबाला सांगत होतो. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. डाव्या सरकत्या दाराचं पॅड काढलं तेव्हा त्याने आत मान घातली.

“आतमदी इतकी जागा? माका वाटायचा, दार म्हणजे फळीच.”

“पोकळ असता. कुलूप नि सळई सोडल्यार आत नुसतो वारो.”

“वारो,” बाबा म्हणाला, आणि हात आत घालून चाचपत राहिला.

बाबाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लवू गवस पखवाजी म्हणून त्याचं नाव पंचक्रोशीत होतं आणि लवू बेवडो म्हणूनही होतं. माझ्या बहिणीच्या लग्नात तो भर मांडवात भटजींच्या अंगावर कोसळला. अंतरपाट धरायच्या आधी चार जणांनी त्याला उचलून गोठ्यात नेऊन ठेवलं. वऱ्हाड गेल्यावर आत्माराम बुवा आले. त्यांनी बाबाला अंघोळ घालायला लावली, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि म्हणाले, “लवू, ही माळ गळ्यात आसा तवसर पखवाज तुझो. दारूक हात लावलंस तर माळ माझी माका परत दी, आणि पखवाजाक शिवा नको.”

त्या दिवसापासून बाबाने थेंब घेतला नव्हता. हात थरथरायला लागले की पखवाज मांडीवर ओढून बसायचा. आई म्हणायची, देवाने नाही, त्या चामड्याने वाचवला. नुकतंच माझं लग्न ठरलं, तेव्हा तिने पहिला नारळ पखवाजापुढे फोडला.

गोव्यातली बारी चांगली झाली. देवळात वस्ती केली. वाद्यांच्या राखणीला कोणीतरी हवं म्हणून बाबा व्हॅनमध्येच झोपला.

सकाळी चहा पिऊन मी गाडी पुसायला घेतली तेव्हा डाव्या दारापाशी माझा हात थांबला. वरच्या दोन स्क्रूंखाली वायसर नव्हतं. तिसरा तिरका बसला होता. माझ्या हातचं काम असं नसतं. मी बोटाने पॅडवर टकटक केलं. इतर दारं पोकळ वाजत होती. हे दार वाजत नव्हतं.

स्क्रूड्रायव्हर सीटखाली होता आणि रात्री त्याच सीटवर बाबा झोपला होता.

“बाबा, हयसर कोणी हात लावल्यान?”

बाबा धोतराचा काष्टा खोचत होता. “माका काय म्हायत? पोरां-बिरां इली असतीत.”

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एवढ्यात बुवा आले, कोरसवाले आले, वाद्यं वर कॅरिअरवर ताडपत्रीखाली आवळली गेली आणि सगळे गाडीत कोंबले गेले. बाबा नेमका डाव्या दाराला टेकून बसला. आता सगळ्यांसमोर पॅड उघडणं म्हणजे बाबाला उघडं पाडणं. मी गाडी चालू केली. वाटेत दोनदा वाटलं, कुठेतरी थांबून सगळं ओढ्यात टाकून द्यावं. पण बुवा पुढे माझ्या शेजारीच बसले होते, अभंग गुणगुणत.

“दिगू, आज गाडी वाजना नाय हां,” ते खूष होऊन म्हणाले. “बेस काम केलंस.”

हद्दीवरच्या नाक्यावर काठी आडवी झाली. साहेबाने खिडकीतून डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. “अहो, आत्माराम बुवा ना तुम्ही? माझ्या सासुरवाडीला तुमची बारी ऐकलीय मी. काय आवाज!”

बुवांनी हात जोडले. मी मनातल्या मनात देवाला जोडले. साहेब काठी वर करायला सांगणार एवढ्यात त्याला लहर आली.

“एक गजर होऊन जाऊ दे बुवा. आमच्या माणसांनाही ऐकू दे. मग जा.”

“सायबानू, वाजप वर बांधला हा.”

“मग दार आहे की! पखवाजी कोण तुमचे? धरा दारावर ठेका.”

सगळे हसले. सरकतं दार अर्धं उघडलं गेलं, नाक्यावरचे शिपाई भोवती जमले, कोणीतरी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. बुवांनी डोळे मिटून सूर लावला. बाबाने हात उचलले आणि आपल्याच हाताने परत बसवलेल्या पॅडवर ठेवले.

बाबाचा हात म्हणजे असा की देवळाची घंटा आपोआप थरथरावी. त्या दिवशी मात्र तो भाकरीवर पाणी लावावं तसा वाजवत होता. नुसती बोटं टेकवत होता. आरशात मला त्याच्या कपाळावरचा घाम दिसत होता. बुवांनी गाता गाता एक डोळा उघडला.

“लवू, हात खय गेलो तुझो? जेवक नाय काय?”

बाबाने थोडा जोर केला. आतून कायतरी बारीक हललं. मी ऐकलं. बाबानेही ऐकलं आणि हात पुन्हा हलका केला. गजर चढत होता, टाळ्या पडत होत्या आणि ठेका मागे पडत होता. कोरसातला सुधा बाबाच्या शेजारी बसला होता. त्याला राहवेना.

“लवूकाका, सरक मरे, असा नाय!” म्हणत त्याने दोन्ही पंजांनी पॅडवर जलद लग्गी लावली.

वरची कड सुटली. बिनवायसरचे दोन्ही स्क्रू पत्र्यातच राहिले आणि बोर्ड त्यांच्यावरून निसटून सुधाच्या मांडीवर आला. त्याच्यामागून एक चपटी बाटली घरंगळली, पायरीवर आपटली आणि फुटली. आत आणखी दिसत होत्या, ओळीने उभ्या, फडक्यांत नीट गुंडाळलेल्या. फडकी लाल काठाची होती. बाबाचा जुना पंचा फाडून केलेली.

गजर तुटला. दारूचा वास सगळ्या गाडीभर पसरला. बुवांनी खाली वाकून त्या ओल्या फडक्याकडे पाहिलं, मग समोर रस्त्याकडे.

“कोणाचा माल?” साहेब म्हणाला. त्याचा आवाज आता सरकारी झाला होता.

मी आरशात बाबाकडे बघितलं. तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. दोन्ही हात पॅडच्या जागेवर तसेच अधांतरी होते. मी वाट बघितली. खरं सांगतो, बरीच वाट बघितली.

“गाडी कोणाची?”

“माझी,” मी म्हटलं. “बाटल्यापण माझ्याच.”

बाबाने तोंड उघडलं. मी बघितलं. ओठ हलले आणि मिटले.

पुढे पंचनामा वगैरे झाला. मला आणि व्हॅनला ठेवून घेतलं. बुवांनी स्वतः कॅरिअरवरून देवाची तसबीर उतरवली आणि छातीशी धरली.

“दिगू, माझो देव ह्या गाडयेतसून जायत होतो. आजपासून माझ्या बारीत तू टाळ धरू नको.”

“होय, बुवा,” मी म्हटलं.

मंडळी वाद्यं डोक्यावर घेऊन एसटीच्या थांब्याकडे निघाली. बाबा सगळ्यांत मागे होता. पखवाज खांद्यावर, मान खाली. वळणावर तो मागे वळून बघेल असं मला वाटलं होतं.

संध्याकाळी जामिनावर सुटून घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोचली होती. आईने काही न विचारता ताट वाढलं. बाबा पडवीत बसला होता. मी जेवलो, हात धुतले आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“परत चालू केलंस?”

त्याने शेजारचा पखवाज जवळ ओढला.

“बुवांका सांगतलंय नाय मी. पण माका तरी खरा सांग.”

तो उठून आत गेला. त्यानंतर आमच्या घरात दोन माणसं एकमेकांशी आईमार्फत बोलायला लागली. ‘दिगूक विचार, जेवतलो काय.’ ‘बाबाक सांग, मी जातंय.’ ठरलेल्या मुलीचे मामा येऊन, सध्या लग्नाची घाई नको, दिवाळीनंतर बघू म्हणून सांगून गेले. दुकानात गिऱ्हाइकं यायची आणि दारात वाकून विचारायची, “काय दिगंबर, दारांत काय काय बसयतंस?” मी हसायचो. बाजारातून जाताना मान वर होत नसे. आणि तरीही आत कुठेतरी मला बरंसुद्धा वाटत होतं. आपण बापाचा पखवाज वाचवला, हे मी रोज पडवीतून जाता-येता मनात उगाळायचो आणि त्याच्याकडे बघायचं टाळायचो. माझं ते न बघणं त्याला कळत असणार. मला तेच हवं होतं.

मग आमच्याच देवळात डबलबारी लागली. डबलबारी म्हणजे दोन बुवा समोरासमोर. आधी देवाचं गातात आणि मग एकमेकांची सालटी काढतात. लोक अर्धे भजनाला येतात, अर्धे सालटी बघायला. आत्माराम बुवांच्या समोर रावजी बुवा होते. रावजी बुवांच्या जिभेला हाड नव्हतं.

दुपारपासून मांडव भरला होता. मी मागे खांबाला टेकून उभा राहिलो. येणारच नव्हतो, पण आई म्हणाली, नाही गेलास तर लोक आणखी बोलतील. बाबा आत्माराम बुवांच्या उजव्या हाताला पखवाज घेऊन बसला होता. वाजवत चांगला होता, पण त्यात जीव नव्हता.

रावजी बुवांची पाळी आली. त्यांनी पेटीवर सूर धरला, मांडवभर नजर फिरवली आणि माझ्यावर आणून थांबवली.

“आत्मारामाच्या गाडयेक चार दारां,
तिनांत वारो, चौथ्यात बाटल्यो बारा!”

मांडव फुटला. शिट्ट्या पडल्या. पुढे बसलेली माणसं मागे वळून मला शोधायला लागली. सुधाची बायको पदर तोंडाला लावून हसत होती. कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या माझ्या. रावजी बुवांनी तोच तुकडा परत घेतला, मग परत. त्यांच्या कोरसाने उचलून धरला. आता उत्तर द्यायची पाळी आत्माराम बुवांची. त्यांनी पेटीवर बोटं ठेवली.

तेवढ्यात बाबा आपल्या पुढ्यातल्या माइकवर वाकला.

“त्यो बाटल्यो माझ्यो,” तो म्हणाला. “दिगूच्यो न्हय.”

मघापेक्षा मोठा हशा उसळला. लोकांना वाटलं, हेच उत्तर. रावजी बुवांनी मांडीवर थाप मारली. “बघा, बघा! बुवांचो पखवाजी फितूर झालो!”

“हसा नको,” बाबा म्हणाला. “झिलाच्या हळदीक हाडललंय. चेडवाच्या लग्नात मी मांडव बाटवलंय. झिलाच्या हळदीक तरी लोकांनी नाव ठेवू नये, पावण्यांका सुको घसो घेवन धाडू नये म्हणान हाडलंय. मी थेंब पिवक नाय.”

“मग आमका खय गावली?” कोणीतरी मागून ओरडलं आणि मांडव पुन्हा लोळला. माझ्या बाजूचा माणूस डोळे पुसत मला म्हणाला, “बापूस भारी रे तुझो!”

बाबा उभा राहिला. पखवाज मांडीवरून बाजूला ठेवला. दोन्ही हात मानेमागे नेले, माळ डोक्यावरून काढली आणि बुवांच्या पेटीवर ठेवली.

हशा पुढच्या रांगेपासून विझत मागे आला. माळेची चेष्टा आमच्याकडे कोणी करत नाही.

“लवू, बस,” बुवा दबक्या आवाजात म्हणाले. “बारी चालू आसा. तो पंचो मी तेवाच वळाखललंय. बस खाली.”

दबका असला तरी आवाज पेटीच्या माइकमधून सगळ्या मांडवाने ऐकला. बुवांच्या ते लक्षात आलं. त्यांनी माइक बाजूला केला, पण उशीर झाला होता.

“तुमका म्हायत होता?” बाबाने विचारलं. “आणि माझ्या झिलाक भायर काढलास?”

बुवा पेटीच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. त्यांच्याकडे दुसरा पखवाजी नव्हता, हे मांडवातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पुढे ते दोनदा आमच्या घरी येऊन गेले, माळ घेऊन आले, पण बाबाने त्यानंतर पखवाजाला हात लावला नाही. आणि दारूलाही नाही. हात थरथरले तर मांडीखाली दाबून बसायचा.

त्या दिवशी तो मंचावरून उतरला आणि गर्दीतून सरळ माझ्याकडे यायला लागला. लोक सरकून वाट देत होते. मला पळून जावंसं वाटलं. नाक्यावर मला लाज वाटली नव्हती. तिथे मी शूर होतो. इथे माझ्या मागे खांब होता आणि समोरून माझा बाप येत होता, उघड्या गळ्याचा, सगळ्या गावाच्या नजरा पाठीवर घेऊन.

तो माझ्यासमोर थांबला आणि त्याने हात जोडले. नमस्कार करतात तसे, पूर्ण, कपाळापर्यंत. मग तो वाकायला लागला.

मी त्याचे हात पकडले. त्याच्या हातांत जोर होता, तो वाकतच होता. पोटच्या पोरापुढे वाकणारा बाप मी तोवर कधी बघितला नव्हता आणि देव करो, कोणाला बघायला न लागो. बारा काय, बाराशे बाटल्या जन्मभर माझ्या नावावर राहिल्या असत्या तर चाललं असतं मला त्या घटकेला.

“बाबा, नको रे,” मी म्हटलं. मला रडू फुटलं होतं. “लोक बघतत.”

“बघूक देत,” बाबा म्हणाला. “नाक्यार पण सगळे बघी होते. म्हणानच गप रवललंय.”